नळयोजनेची विहीर मार्चमध्येच आटते. शेजारी खोल बोअर घ्यावी का?

नको, आधी आहे तीच विहीर बळकट करा. महाराष्ट्राचा सुमारे ८० टक्के भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. त्यात पाणी साठतं ते मुख्यतः वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. खाली अखंड खडक लागला की पाइप कितीही उतरवा, बहुतेकदा नुसती धूळ निघते. आणि पाणी लागलंच, तरी ते विहिरीला येणाऱ्या झऱ्याचंच असू शकतं. मग विहीर आणखी लवकर आटेल. त्यापेक्षा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाकडून जागेची पाहणी करून घ्या आणि हे विचारा:

- विहीर ओढ्याकाठी असेल, तर तिच्या खालच्या अंगाला भूमिगत बंधारा, म्हणजे ओढ्याच्या तळाखालून वाहणारं पाणी अडवणारी भिंत, जमेल का?
- विहिरीभोवती छिद्रं पाडून, सुरुंग लावून भेगा मोकळ्या करता येतील का?

तुमच्या विहिरीजवळ दुसरं कुणी विहीर घेत असेल, तर तिकडेही लक्ष द्या. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नव्या विहिरीला परवानगीची अट महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल कायद्यानेच आणली. गावात वाईटपणा नको म्हणून या अटीबद्दल कुणी बोलत नाही, एवढंच. मात्र तुमचं गाव तापी-पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात असेल, तर खडकाचं हे गणित तिथे लागू नाही.