१४ वर्षांच्या मांजरीचं धोक्याचं ऑपरेशन करावं का?

तुमचा प्रश्न असा: मांजरी १४ वर्षांची, स्तनात गाठ, डॉक्टर म्हणतात एका बाजूची सगळी स्तनं काढावी लागतील, त्यात किडनीचा रिपोर्ट थोडा बिघडलेला, आणि घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो ‘या वयात कशाला चिरफाड’, दुसरा म्हणतो ‘काही न करता बघत बसायचं का’. मी डॉक्टर नाही. माझ्या १५ वर्षांच्या बोक्याच्या वेळी हाच पेच पडला होता आणि त्यात मी चुकलो, तेवढ्याच अधिकारावर लिहितोय.

आधी वयाचं. ‘वय झालंय, भूल झेपणार नाही’ हे वाक्य अर्धं खरं आहे. ब्रिटनमध्ये एक मोठी पाहणी झाली होती, २००८ साली प्रसिद्ध झाली. भुलीशी संबंधित मृत्यू निरोगी मांजरांत साधारण हजारात एक आणि आजारी मांजरांत शंभरात एक-दीड असे निघाले. बारा वर्षांपुढे धोका वाढतो हेही त्यात दिसलं, पण आजारपणाचं पारडं जड. म्हणून वय विचारून थांबू नका, तिच्या शरीरात आणखी काय दडलंय ते शोधा. किडनीसाठी रक्तासोबत लघवीही तपासतात, कारण मूत्रपिंडाचं बरंचसं काम थांबेपर्यंत क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) वाढत नाही. रक्तदाब मोजायला सांगा. म्हाताऱ्या मांजरांत थायरॉइड वाढणं फार आढळतं, ते बघा. आणि हृदयाचा टूडी इको. मांजरांच्या हृदयाचे स्नायू जाड होण्याचा आजार बरेचदा बाहेरून कळतच नाही, स्टेथोस्कोपने सगळं ठीक वाटतं आणि सलाइनचा वेग जरा वाढला की फुप्फुसात पाणी होतं.

त्याच पाहणीतली एक गोष्ट मला आधी माहीत असायला हवी होती. दगावलेल्या मांजरांपैकी निम्म्याहून जास्त ऑपरेशन उरकल्यानंतर गेली, तीही बहुतेक पहिल्या तीन तासांत. म्हणजे सर्जनचा हात किती चांगला याइतकंच, टाके घातल्यावर तिच्याजवळ कोण बसणार, तिला ऊब कशी देणार, रात्री दवाखान्यात माणूस असतो की कुलूप, हे विचारायचं. विचारताना संकोच वाटतो. तरी विचारा.

आता माझी चूक. गुंड्याला (आमचा बोका) उलट्या होत होत्या, वजन उतरत होतं. सोनोग्राफीत आतड्यात गाठ दिसली आणि दोन दिवसांत आम्ही त्याला टेबलावर चढवलं. मी डॉक्टरांना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला: ‘वाचेल ना?’ वाचला. ऑपरेशन उत्तम झालं. मग गाठीचा रिपोर्ट आला, लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कर्करोग. नंतर दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं की सुईने नमुना घेतला असता तर हे आधीच कळण्याची बरीच शक्यता होती आणि कदाचित औषधांवरच सुरुवात करता आली असती. शिवाय ऑपरेशननंतर गुंड्याने अन्नाला तोंड लावलं नाही. मांजर काही दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठते आणि तेच जिवावर बेतू शकतं, म्हणून मानेतून नळी घालून भरवावं लागलं. तो पुढे अकरा आठवडे जगला. त्यातले पहिले चार कपाटाखाली, गळ्यात कॉलर, आमची चाहूल लागली की आणखी आत सरकणारा. आम्हाला बघून आत सरकण्याचा त्याचा स्वभाव कधीच नव्हता.

‘वाचेल ना’ ऐवजी मी विचारायला हवं होतं, ‘यातून त्याला किती दिवस मिळतील आणि त्यातले किती धड असतील?’

तुमच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर माझ्यापेक्षा बरं निघू शकतं. मांजरींच्या स्तनातल्या गाठी दहापैकी आठ-नऊ वेळा कर्करोगाच्याच असतात, त्यामुळे ‘बघू, कदाचित साधी असेल’ म्हणून महिनोन्‌महिने थांबणं परवडत नाही. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत असताना काढली तर पुढे काही वर्षं मिळाल्याची बरीच उदाहरणं आहेत. तीन सेंटिमीटरच्या वर गेली की हिशेब बहुधा महिन्यांवर येतो. अख्खी बाजू काढायला सांगतात तेही उगाच नाही, नुसती गाठ काढली तर ती परत येण्याची शक्यता जास्त. मात्र टेबलावर घेण्याआधी छातीचा एक्स-रे हवाच, निरनिराळ्या बाजूंनी. फुप्फुसात पसरलं असेल तर ऑपरेशनमधून तिला जखमेपलीकडे फारसं काही मिळणार नाही.

मी तुमच्या जागी असतो तर: गाठ लहान, फुप्फुस स्वच्छ, हृदय ठीक, किडनी थोडीच कमजोर आणि मांजरी अजून उडी मारून खिडकीत बसणारी, तर ऑपरेशन करतो. फुप्फुसात पसरलं असेल किंवा बाकीच्यांतल्या दोन गोष्टी जरी उलट असतील तर करत नाही, आणि वेदना आवरणाऱ्या औषधांवर भर देतो. ती औषधं डॉक्टरांनीच ठरवायची. किडनी नाजूक असली की सूज उतरवणाऱ्या गोळ्याही जपून द्याव्या लागतात आणि माणसांची पॅरासिटामॉल तर मांजराला विषच आहे.

खुशीत घुरघुरतेय म्हणजे तिला दुखत नाही असं ठरवू नका, मांजरं दुखतानाही घुरघुरतात. चेहरा बघा: कान बाहेरच्या बाजूला वळलेले, डोळे बारीक, तोंडाभोवती ताण, मिश्या ताठ, डोकं खांद्यांच्या खाली. आणि आजच, ऑपरेशनच्या आधी, कागदावर लिहून ठेवा की तिला कोणत्या चार गोष्टी आवडतात, आणि ज्या दिवशी त्यातली एखादी ती करणार नाही त्या दिवशी तिथे फुली मारा. आमच्याकडे हा कागद उशिरा झाला. त्यात ‘दारामागे दबा धरून पायाला झोंबणे’ अशी एक नोंद होती आणि शेवटच्या आठवड्यात तीवर सलग सहा दिवस फुल्या होत्या, म्हणून तरी आम्हाला थांबायचं कळलं.

एक शेवटचं. संमतीच्या कागदावर सही करताना विचारून ठेवा की भुलीखाली हृदय थांबलं तर छाती दाबून परत आणायचं का, किती वेळ. घरातल्या दोन्ही तटांनी मिळून याचं उत्तर आदल्या रात्री ठरवा. गुंड्याच्या वेळी ऑपरेशन चालू असताना मला दवाखान्यातून फोन आला होता. फक्त वेळ लागतोय एवढंच सांगायला, पण स्क्रीनवर नंबर बघून माझी वाचा बसली आणि शेजारी उभ्या असलेल्या बहिणीला फोन घ्यावा लागला.