जुनी हार्ड डिस्क आधी ताब्यात घ्या

वेंगुर्ल्याजवळ काजूचा कारखाना चालवणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. पुण्याच्या व्यापाऱ्याला त्यांनी 2 मे 2022 रोजी काजूगर पोचवले. बिल 6,90,000 रुपयांचं, उधारी 30 दिवसांची. पैसे आले नाहीत. 20 नोव्हेंबर 2023 ला व्यापाऱ्याने खाली नाव घालून मेल पाठवला की पूर्ण रक्कम मान्य आहे, जमेल तशी देतो. डिसेंबरात 50,000 चा एक चेक दिला, तो वटला. आता तो फोन घेत नाही. गेल्या महिन्यात कारखान्यातला संगणक बंद पडला, दुरुस्तीवाल्याने नवी डिस्क घातली आणि आऊटलूकमध्ये फक्त अलीकडचे मेल दिसू लागले. आर्काइव्हमधले जुने सगळे गायब. मेल पॉप पद्धतीने उतरवले जात, त्यामुळे सर्व्हरवरही काही नाही. पुतण्या म्हणतो, "काका, मजकूर तुमका पाठ आसा. टाइप करून प्रिंट काढूया, कोणाक कळतला?"

नमस्कार,

पुतण्याचं आधी. ते अजिबात करू नका. खोटा इलेक्ट्रॉनिक दस्त तयार करणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 336 खाली बनावटगिरी आहे, आणि तो खरा म्हणून कोर्टात वापरणं हा कलम 340 खाली वेगळा गुन्हा. तुमचं येणं खरं आहे, म्हणून तर मला जास्त काळजी वाटते. समोरच्या वकिलाने मेलचा हेडर, म्हणजे मेल कुठून आणि केव्हा आला याची त्यातली नोंद, मागितला आणि तो दाखवता आला नाही, तर तुमचं खरं बिलही न्यायाधीशांना संशयास्पद वाटू लागेल. मजकूर आठवत असेल तर आजची तारीख घालून वहीत उतरवून ठेवा, मला किंवा तुमच्या वकिलांना माहिती म्हणून. त्याहून जास्त त्याचा उपयोग नाही.

आता मुद्दा मेलचा. तुम्ही 'गायब' म्हणता, पण माझा अंदाज आहे की ते मेल मागे राहिले आहेत. आऊटलूक आर्काइव्ह करतो तेव्हा जुने मेल एका वेगळ्या पीएसटी फाइलमध्ये हलवतो. नवी डिस्क घालताना दुरुस्तीवाले बहुधा चालू मेलबॉक्स तेवढा जोडून देतात. ती दुसरी फाइल कोणाच्या लक्षात येत नाही, कारण ती डॉक्युमेंट्समधल्या 'आऊटलूक फाइल्स' नावाच्या फोल्डरमध्ये असते, किंवा जुन्या संगणकात 'ॲपडेटा' या लपवलेल्या फोल्डरच्या आत. म्हणून माझा तुम्हाला पहिला प्रश्न एकच: काढलेली जुनी डिस्क कुठे आहे?

दुकानात असेल तर उद्याच जाऊन घेऊन या, आणि दुरुस्तीवाल्याकडून चिठ्ठी लिहून घ्या: कोणत्या तारखेला काढली, डिस्कचा क्रमांक काय, कोणाच्या हातात दिली. ही चिठ्ठी पुढे उपयोगी पडेल. डिस्क स्वतः कुठल्या संगणकाला जोडून बघू नका. विंडोज चालू झालं की ते डिस्कवर काही ना काही लिहीत राहतं. डिस्क फॉरमॅट झाली असेल तर त्या लिहिण्याखाली जुनी फाइल कायमची पुसली जाते, आणि एसएसडी (चिपवर साठवणारी नव्या प्रकारची डिस्क) असेल तर पुसलेलं परत मिळण्याची आशा आणखी कमी. 2021 च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारात शिरलं, तेव्हा भिजलेली यंत्रं घाईने चालू करू नका असं मी भेटेल त्याला सांगत होतो. तोच सल्ला इथेही लागू आहे. जाणकार माणसाकडून डिस्कची हुबेहूब प्रत काढून घ्या, मूळ डिस्क पाकिटात सील करून ठेवा आणि शोधाशोध त्या प्रतीवर करा.

फाइल सापडली की क्लासिक आऊटलूकमध्ये 'ओपन आऊटलूक डेटा फाइल' मधून उघडा. नव्या आऊटलूकमध्ये पीएसटीची सोय अपुरी आहे. फाइल उघडत नसेल तर स्कॅनपीएसटी हे दुरुस्तीचं साधन ऑफिसबरोबरच येतं, पण तेही प्रतीवरच चालवा. व्यापाऱ्याचा मेल दिसला की तो स्वतःला किंवा मला फॉरवर्ड करू नका. फॉरवर्ड केलेला मेल म्हणजे तुमचा आजचा नवा मेल. मूळ मेल कोणत्या सर्व्हरवरून, किती वाजता आला, हे हेडरमध्ये असतं आणि ते फॉरवर्डमध्ये राहत नाही. 'सेव्ह ॲज' करून एमएसजी स्वरूपात जतन करा.

कोर्टात द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियम 2023 चं कलम 63 लागेल. तो 1 जुलै 2024 पासून लागू आहे आणि तुमचा दावा त्यानंतरचा, म्हणून मेल 2023 चा असला तरी नियम नवेच. अधिनियमाच्या अनुसूचीत प्रमाणपत्राचा नमुना आहे: भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि दोन्हीत फाइलचं हॅश मूल्य (फाइलवरून काढलेला ओळखक्रमांक, फाइल बदलली की तोही बदलतो) लिहायचं. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम 65ब खालचं प्रमाणपत्र अनिवार्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी आपल्या जालन्याच्याच अर्जुन खोतकर प्रकरणात स्पष्ट केलं. तिथे मूळ यंत्र मालकाने स्वतः साक्षीला उभं राहून हजर केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही, असंही म्हटलं होतं. तरी तुम्ही प्रमाणपत्र घ्याच.

एवढी धडपड एका मेलसाठी कशाला, तर मुदतीसाठी. उधारी 1 जून 2022 ला संपली. मुदत कायद्याच्या अनुच्छेद 15 प्रमाणे तिथून तीन वर्षं, म्हणजे जून 2025 मध्येच तुमचा दावा मुदतबाह्य झाला असता. कलम 18 सांगतं की मुदत संपण्याआधी देणेकऱ्याने सहीनिशी लेखी कबुली दिली तर तीन वर्षं नव्याने मोजायची. मेलमधली कबुली यात बसते असं कर्नाटक उच्च न्यायालयाने 2013 मध्ये म्हटलं आहे. म्हणजे तुमची मुदत 20 नोव्हेंबर 2026 पर्यंत गेली.

पण तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलेला तो चेक! त्याकडे तुमचं लक्षच नाही. कलम 19 प्रमाणे मुदतीत केलेला अंशतः भरणा, देणाऱ्याच्या सहीने दिसत असेल तर, मुदत नव्याने सुरू करतो. चेकवर व्यापाऱ्याची सही आहे. डिस्कमधून काहीच निघालं नाही तरी हा चेक तुम्हाला डिसेंबर 2026 पर्यंत नेतो. बँकेत अर्ज करून चेकच्या प्रतिमेची प्रत आणि त्या महिन्याचा प्रमाणित खातेउतारा मागा, आजच. त्या मेलची प्रत तुमच्या सीएंना गेली होती का तेही विचारा. आणि व्यापाऱ्याच्या मेलबॉक्समध्ये तो मेल आहेच. दाव्यात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 11 खाली तो हजर करायला लावता येतो.

दावा 3 लाखांच्या वरचा आणि मालविक्रीचा, म्हणून तो वाणिज्यिक न्यायालयात जाईल. तातडीचा अंतरिम आदेश मागायचा नसेल तर वाणिज्यिक न्यायालयांच्या कायद्याच्या कलम 12अ खाली आधी मध्यस्थी सक्तीची आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीतून वगळला जातो. मात्र तो अर्ज मुदत जिवंत असतानाच पडायला हवा, आणि नोव्हेंबरची वाट बघण्यात अर्थ नाही. उद्यम नोंदणी मे 2022 च्या आधीची असेल तर सूक्ष्म व लघु उद्योगांच्या 2006 च्या कायद्याखाली बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याजही मागता येतं, तेव्हा नोंदणीचा दाखला शोधून ठेवा.

दुकानदाराने डिस्क भंगारात दिली असेल तर तसंही लेखी घ्या आणि मला कळवा. मग आपण चेकपासून सुरुवात करू.