मुंबईतली अंतिम लढत आणि मडगावला परतण्याची रात्र

आपला प्रश्न असा आहे: इंग्लंडमधले फुटबॉलप्रेमी परगावच्या सामन्यांना जाताना झालेल्या हालांच्या आठवणी आवडीने सांगतात, भारतातले चाहते असे प्रवास करतात का, आणि करत असतील तर तुमचा सर्वांत वाईट प्रवास कोणता?

मी फोंड्याचा आहे आणि 2014 साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हापासून एफसी गोवाचा समर्थक आहे. त्यामुळे पहिल्या भागाचे उत्तर सरळ आहे. होय, करतात, संख्येने थोडे, पण करतात. दुसऱ्या भागाचे उत्तर देण्यासाठी मला क्षणभरही विचार करावा लागत नाही. 17 मार्च 2019, रविवार, मुंबई फुटबॉल अरीना, अंधेरी; एफसी गोवा विरुद्ध बेंगळुरू एफसी, लीगची अंतिम लढत. कागदोपत्री हे मैदान दोन्ही संघांना परके होते, पण अंतर आणि रात्रीची परतीची गाडी यांच्या हिशेबात आमच्यासाठी ती अवे मॅचच होती.

त्या रात्रीकडे वळण्यापूर्वी आपल्याकडचा असा प्रवास कसा असतो ते सांगणे आवश्यक आहे, कारण इंग्लंडशी तुलना केली की दोन्हींतला फरक ध्यानात येतो. प्रीमियर लीगमध्ये पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी स्वतंत्र भाग राखून ठेवावा लागतो, जास्तीत जास्त 3000 जागा किंवा मैदानाच्या क्षमतेच्या दहा टक्के, यांपैकी जे कमी असेल ते. आणि 2016-17 च्या हंगामापासून त्यांच्या तिकिटावर 30 पौंडांची मर्यादा आहे. तिथल्या चाहत्यांचेही हाल होतात, पण आपण येणार हे आयोजकांनी गृहीत धरले आहे, एवढा दिलासा त्यांना असतो. आमच्या संघाला कोलकाता, जमशेदपूर, गुवाहाटी येथे खेळावे लागते. वास्कोहून हावड्याला जाणारी गाडी दीड दिवसाहून अधिक काळ चालते आणि ती रोज सुटत नाही. म्हणून गोव्यातल्या सामान्य, नोकरी करणाऱ्या चाहत्याला रेल्वेने किंवा बसने जमण्यासारखी ठिकाणे म्हणजे मुंबई, बेंगळुरू आणि संघ होता तोवर पुणे. त्यांतही मुंबई आम्हांला सर्वांत जवळची, कारण जवळपास प्रत्येक गोमंतकीय कुटुंबाचे कोणीतरी तिथे असतेच. धोबी तलावाच्या आसपासच्या कुडींमध्ये, म्हणजे गोमंतकीयांच्या सामायिक वसतिगृहांमध्ये, गोव्याच्या गावोगावच्या दर्यावर्दींनी पिढ्यानपिढ्या मुक्काम केला आहे, आणि आमच्या संघाचा मुंबईत सामना असला की गिरगाव, वांद्रे, सांताक्रूझ इथली गोमंतकीय मंडळी तिसऱ्या पिढीची असली तरी नारिंगी जर्सी घालून येतात.

त्या हंगामात आमचा संघ अप्रतिम खेळत होता. सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक होते, फेरान कोरोमिनास सलग दुसऱ्या हंगामात सर्वाधिक गोल करणारा ठरला होता, आणि 9 मार्चला याच अंधेरीच्या मैदानावर उपान्त्य फेरीच्या पहिल्या सामन्यात आम्ही मुंबई सिटीचा 5-1 असा पराभव केला होता. त्या रात्रीही परतीचा प्रवास तितकाच अवघड होता. तीच गर्दी, तीच प्रतीक्षा यादी, रात्री खायला काही न मिळणे तेच. तरीही त्या प्रवासाबद्दल कोणालाही विचारा, तो फक्त गोलांची नावे सांगेल. पराभवाने हाल वाढत नाहीत, परंतु ते पुसले जायचे राहतात, असे माझे मत त्या दोन प्रवासांवरून बनले आहे.

अंतिम सामना रात्री साडेसातला होता. नव्वद मिनिटांत निकाल लागला तर साधारण साडेनऊला बाहेर पडायचे, आझादनगरहून मेट्रोने अंधेरी, तिथून लोकलने दादर, आणि अकरानंतर दादरहून मडगावकडे जाणारी कोकणकन्या एक्सप्रेस पकडायची, असा आमच्या गटाचा बेत होता. काहींची आरक्षणे पक्की होती, काहींची प्रतीक्षा यादीतच राहिली होती. सोमवारी दुपारपर्यंत कामावर हजर व्हायचे असल्यामुळे दुसरी गाडी कोणालाच सोयीची नव्हती.

आम्ही मैदानाच्या फाटकाशी रांगेत उभे होतो तेव्हाच मनोहर पर्रीकरांची प्रकृती अत्यंत गंभीर असल्याचे संदेश फोनवर येऊ लागले होते. मुख्यमंत्री दीर्घकाळ स्वादुपिंडाच्या कर्करोगाशी झुंजत होते, हे सर्वांना माहीत होते. तरीही त्या संध्याकाळी ते घडेल असे कोणाच्या मनात नव्हते. पहिल्या सत्रातच बातमी आली. आमच्या मागच्या ओळीतले एक वयस्कर गृहस्थ, ज्यांनी साळगावकर आणि धेंपो या गोव्यातल्या जुन्या क्लबांचे सामने तरुणपणापासून पाहिले होते, उभे राहिले आणि एवढेच म्हणाले, "भाई गेले." त्यानंतर आमच्या भागात जे घडले ते मी नीट सांगू इच्छितो, कारण वर्तमानपत्रांत त्याबद्दल काही छापून आले नाही. ढोल थांबला. मग कोणीतरी पुन्हा सुरू केला, आणि काहींनी त्याला थांबण्याची खूण केली. पर्रीकरांच्या राजकारणाला विरोध करणारेही आमच्यात होते आणि त्यांना देवासारखे मानणारेही. परंतु परक्या शहरात, सात-साडेसात हजारांच्या मैदानात, आपल्या राज्याचा मुख्यमंत्री गेल्याची बातमी कळल्यावर घोषणा द्याव्यात की बसून राहावे, हे कोणालाच ठरवता येत नव्हते. समोरच्या बाजूला बेंगळुरूच्या वेस्ट ब्लॉक ब्लूज या गटाचा गजर चालू होता, आणि त्यात त्यांचा काहीही दोष नव्हता. त्यांनीही आमच्याहून अधिक अंतर कापले होते आणि आदल्या वर्षी स्वतःच्या घरच्या मैदानावर चेन्नईयिनविरुद्ध अंतिम सामना गमावला होता.

नव्वद मिनिटे गोलशून्य गेली. खेळाडू दमले होते, चेंडू मध्यभागी अडकून पडत होता, आणि मला प्रामाणिकपणे वाटते की त्या सामन्यात आमचा संघ नेहमीसारखा खेळलाच नाही. अतिरिक्त वेळ सुरू झाला तेव्हा आमच्या गटात घड्याळे पाहणे सुरू झाले. ज्यांना लोकलच्या गर्दीतून लहान मुलांना न्यायचे होते ते पहिल्या पंधरा मिनिटांनंतर निघाले. त्याच सुमारास आमच्या अहमद जाहूला लाल कार्ड मिळून संघात दहाच खेळाडू उरले होते. तरीही पेनल्टींपर्यंत पोहोचू अशी आशा होती, आणि पेनल्टी झाल्या तर गाडी निश्चित चुकणार हेही कळत होते. आपल्या संघाने तग धरावा असे मनापासून वाटत असताना मनाच्या दुसऱ्या कोपऱ्यात दादरची गाडी दिसत राहणे ही परगावी गेलेल्या चाहत्याची सर्वांत मोठी शिक्षा आहे. घरच्या मैदानावर ती कधीही भोगावी लागत नाही.

117 व्या मिनिटाला दिमास देल्गादोच्या कॉर्नरवर बेंगळुरूच्या राहुल भेकेने हेडरने गोल केला आणि आम्ही हरलो. तो गोल करणारा मुंबईचाच मुलगा होता. जे आधी निघाले होते त्यांना हा गोल मेट्रोच्या डब्यात, शेजाऱ्याच्या फोनवर कळला.

त्यानंतरचे तास हे माझ्या लेखी खरे हाल. आम्ही पारितोषिक समारंभाला थांबलो नाही. दादरच्या फलाटावर गाडी येईपर्यंत खाण्याचे स्टॉल जवळपास रिकामे झाले होते. बिस्किटांचे पुडे आणि पाणी एवढेच मिळाले. आरक्षण नसलेल्यांनी दरवाजाजवळ वर्तमानपत्रे पसरून बैठक मारली, आणि आरक्षण असलेल्यांनी आपापल्या बर्थवर दोघा-तिघांना आळीपाळीने बसवून घेतले. कोकण रेल्वेचा मार्ग बव्हंशी एकेरी असल्यामुळे समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी लहान लहान स्थानकांवर थांबावे लागते. एरवी त्या थांब्यांना कोणी हरकत घेत नाही, पण त्या रात्री गाडी थांबली की डब्यातले सगळे जागे आहेत हे लक्षात येई. सामन्याबद्दल कोणी बोलत नव्हते. बोलणे झाले ते पर्रीकरांबद्दल. कोणी त्यांना मडगावच्या एखाद्या लग्नात रांगेत उभे राहून जेवताना पाहिले होते, कोणाची त्यांच्याशी एका पुलाच्या कामावरून वादावादी झाली होती. चिपळूण मागे पडेपर्यंत हे चालले, आणि मग चाहत्यांच्या त्या डब्यात मी पूर्वी कधीही न अनुभवलेली शांतता पसरली.

सकाळी कुडाळला वर्तमानपत्रे चढली. सोमवारी राष्ट्रीय दुखवटा होता, गोव्यात सर्व काही बंद राहणार होते, पार्थिव पणजीला कला अकादमीत अंत्यदर्शनासाठी ठेवले जाणार होते आणि संध्याकाळी मिरामारला अंत्यसंस्कार होणार होते. ज्या नोकरीच्या धास्तीने आम्ही ती गाडी धरली होती, त्या नोकरीवर कोणालाच जायचे नव्हते. आमच्यातले अनेकजण मडगावपर्यंत न जाता करमळीला उतरले, कारण तिथून पणजी जवळ. उतरण्यापूर्वी त्यांनी नारिंगी जर्सी काढून साधे शर्ट घातले. ज्यांच्याकडे दुसरा शर्ट नव्हता त्यांना इतरांनी दिले. मीही त्यांच्याबरोबर गेलो, आणि न झोपलेल्या, न जेवलेल्या अवस्थेत उन्हातल्या त्या रांगेत उभा राहिलो.

यानंतर निकालाच्या दृष्टीने अधिक क्लेशकारक प्रवासही झाला. 24 एप्रिल 2024 ला आमच्या घरच्या फातोर्डा मैदानावर उपान्त्य फेरीच्या पहिल्या सामन्यात आम्ही नव्वदाव्या मिनिटापर्यंत 2-0 ने पुढे होतो आणि छांगते, विक्रम प्रताप, पुन्हा छांगते अशा तीन गोलांनी मुंबई सिटीने तो 3-2 असा जिंकला. परतीचा सामना 29 एप्रिलला, सोमवारी, अंधेरीत होता. उन्हाळी सुट्टीमुळे रेल्वेची आरक्षणे मिळत नव्हती, म्हणून आम्ही महामार्गाने खासगी बसने गेलो. जाताना पराभव आधीच सोबत असणे हा वेगळाच अनुभव होता. एका गोलाची तर पिछाडी, असे बारा तास एकमेकांना समजावत आम्ही पोहोचलो आणि 2-0 ने हरलो. दुःख मोठे होते, पण ते निव्वळ फुटबॉलचे दुःख होते. म्हणून सर्वांत वाईट प्रवास म्हणून मी 2019 चेच नाव घेतो.

आपण विचारलेले नाही, तरी एक गोष्ट आग्रहाने मांडतो. रात्री साडेसातची वेळ दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांना सोयीची आहे आणि लीगचे उत्पन्न त्यांच्यावर अवलंबून आहे, हे मला मान्य आहे. परंतु मुंबई-गोवा, बेंगळुरू-गोवा, चेन्नई-बेंगळुरू अशा मोजक्याच जोड्या रेल्वेने एका रात्रीत गाठण्यासारख्या आहेत. निदान या जोड्यांचे सामने शनिवारी किंवा रविवारी संध्याकाळी पाचला ठेवावेत, पाहुण्या चाहत्यांसाठी एक भाग राखून ठेवावा, आणि हंगामाचे वेळापत्रक रेल्वेची आरक्षणे खुली होण्याच्या आत जाहीर करावे. यांतल्या एकाही गोष्टीला मोठा खर्च येत नाही. पाचचा सामना अतिरिक्त वेळेत गेला तरी आठपर्यंत संपतो, आणि मग जेवून, शांतपणे दादर गाठता येते.

आपण स्वतः गोव्याहून मुंबईला सामन्यासाठी जाण्याचा विचार करत असाल, तर परतीचे आरक्षण दादरऐवजी ठाण्याहून चढण्याचे करावे. गाडी तिथे अर्ध्या तासाने पोहोचते, आणि अंधेरीहून मेट्रोने घाटकोपर, तिथून लोकलने ठाणे हा मार्ग रात्री अधिक भरवशाचा आहे. जेवणाचा डबा मात्र ओळखीच्या कोणाकडे तरी ठेवूनच मैदानात जावे, कारण बहुतेक मैदानांवर तो आत नेऊ देत नाहीत आणि सामन्यानंतर काही मिळेलच याची खात्री नसते.