वाचकांचे प्रश्न : सगळे पडले आणि शेवटचा जिंकला, हा कसला खेळ?

गेल्या अंकात बर्फावरच्या शर्यतींबद्दल मी चार ओळी लिहिल्या आणि जळगाव, धुळे, नंदुरबार अशा तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली. भुसावळात शाळेत खेळ शिकवण्यातच माझी सगळी नोकरी गेली. अजूनही सकाळी सिमेंटच्या कोर्टवर पोरांना चाकांचे स्केट्स शिकवते. त्यामुळे ही पत्रं वाचताना फार आनंद झाला. त्यांतले चार प्रश्न आज घेते.

प्रश्न : नातवाने मोबाइलवर २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकमधली पुरुषांची हजार मीटरची शॉर्ट ट्रॅक (बर्फाच्या छोट्या ट्रॅकवरची स्केटिंगची) शर्यत दाखवली. पुढचे चौघे एकमेकांत अडकून पडले आणि सगळ्यांत मागचा ऑस्ट्रेलियाचा गडी आरामात सुवर्णपदक घेऊन गेला. आमच्या मंडळी ओरडल्याच, "अवं माय, पडनात ना सगळा!" पुढे असलेल्यांवर हा अन्याय नाही का? हा खेळ आहे की लॉटरी?
— एक निवृत्त शिक्षक, अमळनेर

उत्तर : गुरुजी, तुमची तळमळ समजते, पण तुमचं म्हणणं मला पटत नाही. त्या खेळाडूचं नाव स्टीव्हन ब्रॅडबरी. नातवाने दाखवलेली शर्यत दीड मिनिटाची आहे. त्याआधीची दहा-अकरा वर्षं तिच्यात दिसत नाहीत.

१९९१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ज्या रिले संघाने जागतिक अजिंक्यपद मिळवलं, त्यात ब्रॅडबरी होता. १९९४ मध्ये लिलेहॅमरला त्याच्या संघाने रिलेत ब्राँझ मिळवलं. हिवाळी ऑलिंपिकमधलं ते ऑस्ट्रेलियाचं पहिलं पदक. त्याच वर्षी माँट्रियलच्या शर्यतीत दुसऱ्याच्या स्केटचं पातं त्याच्या मांडीत घुसलं. चार लिटरच्या आसपास रक्त गेलं, १११ टाके पडले. त्यातून उठला, तर २००० मध्ये सरावात पडून मानेचे मणके मोडले. आता पुन्हा बर्फावर उतरणं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तरीही अठ्ठाविसाव्या वर्षी तो २००२ च्या ऑलिंपिकसाठी सॉल्ट लेक सिटीच्या बर्फाच्या रिंकवर उभा होता. एवढं भोगलेल्या माणसाला केवळ नशीबवान म्हणताना माझी तरी जीभ अडखळते.

आता शर्यतीकडे या. उपउपांत्य फेरीत तो तिसरा आला होता, पण पुढच्या एकाला पंचांनी बाद केलं म्हणून वर गेला. अंतिम शर्यतीत त्याच्यासमोर अमेरिकेचा अपोलो ओनो, दक्षिण कोरियाचा आन ह्युन-सू, चीनचा ली जियाजुन आणि कॅनडाचा मॅथ्यू तुरकोत. या चौघांच्या वेगाला आपण पुरे पडणार नाही, हे ब्रॅडबरीला स्वच्छ माहीत होतं. चौघंही सुवर्णासाठीच झगडणार, घुसाघुशी होणार, तेव्हा आपण मागे राहून न पडता पायांवर टिकून राहायचं, हे त्याचं ठरलेलं होतं. शेवटच्या वळणावर ली ओनोच्या बाहेरून पुढे जायला गेला, धक्का बसला, तो पडला आणि पाठोपाठ बाकीचे तिघे आडवे झाले. मागून आलेल्या ब्रॅडबरीने रेषा ओलांडली. ओनोने पडल्या जागेवरून धडपडत स्केट रेषेपलीकडे टाकला आणि रौप्य घेतलं. तुरकोतला ब्राँझ, ली बाद. दक्षिण गोलार्धातल्या देशाचं हिवाळी ऑलिंपिकमधलं हे पहिलं सुवर्ण. आपण हे पदक त्या दीड मिनिटासाठी नाही, मागच्या दहा वर्षांच्या कष्टांसाठी स्वीकारतो, असं ब्रॅडबरी नंतर बोलला. मला ते शंभर टक्के पटतं.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. ब्रॅडबरी स्केटिंगचे बूट बनवायचा, आणि ओनो जिंकेल असं वाटून त्यालाही त्याने आपले बूट दिले होते.

लॉटरीचंही बोलू. त्या ढिगाऱ्यात पडलेला आन तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्याने २००६ मध्ये ट्युरिनला तीन सुवर्णं जिंकली. पुढे रशियाचं नागरिकत्व घेऊन व्हिक्टर आन या नावाने २०१४ मध्ये सोचीला आणखी तीन. ओनोने तीन ऑलिंपिकमध्ये मिळून आठ पदकं कमावली. लॉटरी अशी एकाच घरात पुन्हा पुन्हा लागत नाही, गुरुजी. इथे जोर लागतोच, पण गर्दीत जागा ओळखणं आणि पाय टिकवणं हेही कसबच आहे.

दुसऱ्याच्या चुकीमुळे पडलेल्या खेळाडूला आधीच्या फेऱ्यांत पंच पुढच्या फेरीत घेऊ शकतात. अडथळा आणणारा बाद होतो. अंतिम शर्यतीत मात्र पुढची फेरीच नसते, त्यामुळे तिथे पडणं जास्त महागात जातं. हे कठोर आहे, मान्य. ज्यांना निव्वळ वेग पाहायचा आहे त्यांनी ४०० मीटरच्या मोठ्या ट्रॅकवरची शर्यत पाहावी. तिथे दोघे-दोघे आपापल्या लेनमध्ये घड्याळाशी पळतात.

प्रश्न : वळणावर ते डावा हात बर्फाला का लावतात? हात कापत नाही का?
— इयत्ता सातवीतली एक मुलगी, शहादा

उत्तर : छान पाहिलंस, बेटा. हा ट्रॅक आइस हॉकीच्या रिंकएवढ्या जागेत बसवतात, ६० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद. एक फेरी फक्त १११.१२ मीटरची. ५०० मीटर म्हणजे साडेचार फेऱ्या. चीनच्या वू दाजिंगने २०१८ मध्ये प्याँगचांगला हे अंतर ३९.५८४ सेकंदांत कापलं. गणित करून बघ, ताशी ४५ किलोमीटरच्या वर सरासरी येते. एवढ्या वेगात एवढं आखूड वळण घ्यायचं तर अंग आत खूप झुकवावं लागतं, नाहीतर माणूस बाहेरच्या गाद्यांवर जाऊन आदळेल. शर्यत डावीकडे वळत जाते, म्हणून डावा हात खाली येतो. त्या हातमोज्याच्या बोटांना कडक, गुळगुळीत टोपणं असतात, त्यामुळे हात बर्फावर सहज घसरतो. पातंही बुटाच्या मधोमध नसतं. ते जरा डावीकडे सरकवलेलं आणि वळणाच्या दिशेने किंचित वाकवलेलं असतं, म्हणजे झुकल्यावर बूट बर्फाला घासत नाही.

प्रश्न : रिले बघताना काहीच उमजत नाही. आतमध्येही माणसं फिरताहेत, बाहेरही. शर्यतीत नक्की कोण असतं?
— एक एसटी चालक, शिरपूर

उत्तर : भाऊ, पुरुषांची रिले ५००० मीटरची, म्हणजे ४५ फेऱ्यांची. संघात चौघे. एक पळतो, बाकीचे आतल्या बाजूने फिरत वेग धरून ठेवतात. इथे हातात बॅटन नसतो. पुढचा गडी ट्रॅकवर येऊन खाली बसतो आणि दमलेला त्याला कमरेला दोन्ही हातांनी मागून रेटतो. आखाजीला झोक्यावरच्या पोरीला मागून लोटा देतात, तसाच. आपला सगळा वेग तो पुढच्याला देऊन टाकतो. शेवटच्या दोन फेऱ्या मात्र एकानेच पळायच्या असतात. बदल होताना फक्त तो रेटा बघत राहा, बाकी आपोआप उमजेल.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. जळगावला इनलाइन (एका ओळीतल्या चाकांचं) स्केटिंग शिकतो. आता बर्फावर जायचं म्हणतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. घरचे हसतात. त्याला बर्फाचे स्केट्स घेऊन देऊ का?
— एक केळी बागायतदार, रावेर

उत्तर : दादा, घरच्यांना सांगा, हसण्यासारखं यात काही नाही. आपल्या देशात बर्फावर शर्यती करणारी पुष्कळ मुलं चाकांवरूनच तिकडे गेली आहेत. मांडी तीच, बसणं तेच, डावीकडचं वळणही तेच. देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी बर्फाचं रिंक बांधलं होतं. ते बरीच वर्षं बंद होतं, २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालं आणि तिथे आशियाई पातळीची शॉर्ट ट्रॅक स्पर्धाही झाली. लेहला खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांमध्ये स्पीड स्केटिंग असतं. रस्ता लांबचा आहे, पण आहे.

बर्फाचे स्केट्स मात्र आत्ता घेऊ नका. या वयात पाय भराभर वाढतो, आणि शर्यतीचे बूट पायाला घट्ट बसावे लागतात. ते पैसे उन्हाळी सुटीत देहरादूनच्या एखाद्या शिबिरासाठी राखून ठेवा. तिथे आधी भाड्याच्या स्केट्सवर उभा राहू दे. चाक सरकतं, पातं कडेने बर्फात रुततं. हा फरक पायाला समजला की मग खरेदीचा विचार करा.

तोवर घरी करण्यासारखं खूप आहे. सराव सूर्य वर येण्याआधी उरका. मे महिन्यात नऊनंतर तापलेल्या सिमेंटवर मी कुणालाही उतरू देत नाही. गुडघे वाकवून खाली बसल्यासारखं उभं राहायचं आणि त्याच स्थितीत एका पायावरून दुसऱ्यावर जायचं, हे रोज. कमरेला रुंद पट्टा बांधून तुम्ही एका बाजूने धरा, त्याला दुसऱ्या बाजूला झुकू द्या आणि उजवा पाय डाव्यावरून टाकायला लावा. वळणाचा हा सराव बर्फावरचे खेळाडूही करतात. पट्टा मात्र घट्ट धरा, सोडू नका. हेल्मेट चाकांवरही सक्तीचं. पुढे बर्फावर गेला की गळ्याला संरक्षक पट्टी आणि न कापणारे हातमोजे लागतील. ब्रॅडबरीच्या मांडीचं वर वाचलंत, म्हणून यात पैसे वाचवू नका.

आणि त्याच्या वळणाचा एक छोटा व्हिडिओ मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. समोरून घेऊ नका. वळणाच्या आतल्या बाजूला खाली बसून घ्या, म्हणजे उजवा पाय कुठे पडतो ते मला नीट दिसेल.