स्टेजवर अ‍ॅम्प नाही, मग बेस वाजवायचा कसा?

प्रश्न : मी मराठी-हिंदी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवतो. आमचे कार्यक्रम दादर ते विलेपार्ले या पट्ट्यातल्या नाट्यगृहांत आणि गणेशोत्सव-नवरात्रात मंडळांच्या मंचावर होतात. आजवर मी स्वतःचा अ‍ॅम्प टेम्पोतून नेत असे. आता आमचे साउंडवाले काका म्हणतात, ‘अ‍ॅम्प आणू नकोस, डीआय बॉक्समधून थेट लाइन दे.’ (डीआय म्हणजे बेस थेट मिक्सरला जोडणारी छोटी पेटी.) तसे करून पाहिले. प्रेक्षकांतून तक्रार आली नाही, पण मला माझा बेस धड ऐकू येत नव्हता, जो येत होता तो कोरडा आणि खरखरीत वाटत होता, आणि ड्रमरही वैतागला. मी अ‍ॅम्पचा हट्ट धरावा का?
— एक वाचक, परळ

उत्तर : हट्ट धरू नये, असे माझे मत आहे, पण काकांनी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली आहे, हेही खरे.

आधी त्यांची बाजू. बेसची चौथी तार मोकळी वाजवली की तिची कंपनसंख्या सुमारे ४१ हर्ट्झ असते आणि त्या ध्वनिलहरीची लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते. इतका खालचा खर्ज एका दिशेने जात नाही. तो अ‍ॅम्पच्या मागे, बाजूला, गायकांच्या माइकमध्ये, सगळीकडे पसरतो. नाट्यगृहात पहिल्या काही रांगांना तुमचा अ‍ॅम्प ऐकू येतो, मागच्यांना स्पीकरमधला बेस ऐकू येतो, आणि मिक्सरवर बसलेल्या माणसाला यांपैकी एकाच आवाजावर ताबा ठेवता येतो. उघड्यावरच्या कार्यक्रमात तर आवाजाच्या पातळीवर पोलिसांचे लक्ष असते. अशा वेळी मिक्सरवरून कमी करता न येणारा प्रत्येक स्रोत आयोजकांच्या डोक्याला ताप ठरतो.

आता तुमची बाजू. अ‍ॅम्प स्टेजवर दोन कामे करत होता : तो बेसचा नाद घडवत होता आणि तो नाद तुम्हाला व ड्रमरला ऐकवत होता. डीआय बॉक्स यांतले एकही काम करत नाही. तो फक्त पिकअपचा, म्हणजे तारांचे कंपन टिपणाऱ्या चुंबकाचा, नाजूक सिग्नल लांबच्या तारेतून खरखर न होता मिक्सरपर्यंत पोहोचेल अशा रूपात आणतो. उरलेली दोन्ही कामे आता तुम्हाला स्वतःहून कोणाकडे तरी सोपवावी लागतील.

नादाचे काम तुलनेने सोपे आहे. दहा इंची स्पीकरांची बेसची पेटी साधारण चार-पाच हजार हर्ट्झच्या वरचे फारसे काही बाहेर सोडत नाही. सभागृहातल्या स्पीकरचा हॉर्न, म्हणजे तीव्र स्वरांचा भोंगा, मात्र त्याच्या कितीतरी वरपर्यंत वाजतो, त्यामुळे बोटांची घासण, फ्रेटवर तार आपटल्याचा खडखडाट, नव्या तारांची चकाकी, सगळे उघडे पडते. तुम्हाला जाणवलेला कोरडेपणा तो हाच. पेटीचा परिणाम देणारा बेस प्रीअ‍ॅम्प पेडल डीआयच्या आधी लावा. अशा बऱ्याच पेडलांना स्वतःचे एक्सएलआर आउटपुट (थेट मिक्सरला जोडता येणारे) असते, मग वेगळा डीआय लागतच नाही. पेडल नसेल तर मिक्सरवर बेसच्या चॅनेलचा वरचा भाग पाच हजारांच्या आसपास कापायला आणि खाली ३०-३५ हर्ट्झला लो-कट (त्याखालचे कापणारी चाळणी) लावायला सांगा. चार तारांच्या बेसला त्याखाली काही नसतेच. पाच तारांचा बेस असेल तर त्याची सर्वांत जाड तार सुमारे ३१ हर्ट्झची असते, तेव्हा कात्री जरा जपून.

थेट लाइनचा बेस म्हणजे दुय्यम बेस, ही समजूत मात्र सोडून द्यावी. १९६० च्या दशकात डेट्रॉइटमधल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत बेसवादक जेम्स जेमरसन यांचा बेस बहुतेक वेळा अ‍ॅम्पविना थेट कन्सोलला जोडूनच ध्वनिमुद्रित होत असे. ते फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या वेष्टनाच्या गुळगुळीत, तारा वापरत, त्या बदलण्याच्या फंदात पडत नसत, आणि तारा टेकतात त्या ब्रिजच्या झाकणाखाली स्पंजची पट्टी असे. वरचा खडखडाट तारेपाशीच मरत असल्याने पुढे तो कापण्याची गरजच उरत नसे. ऑर्केस्ट्रातल्या जुन्या गाण्यांसाठी फ्लॅटवाउंड तारांचा एक संच लावून पाहा. पेडलपेक्षा तो स्वस्त पडेल.

डीआय बॉक्स निवडताना बेसमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी आहे की नाही ते बघा. नसेल, म्हणजे बेस पॅसिव्ह असेल, तर त्याच्या पिकअपला साधारण एक मेगओमची इनपुट इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विद्युत अवरोध) मानवते. साधा पॅसिव्ह डीआय त्यावर जास्त भार टाकतो आणि नाद मलूल होतो; अशा बेसला मिक्सरच्या ४८ व्होल्ट फँटम पॉवरवर चालणारा अ‍ॅक्टिव्ह डीआय घ्यावा. बॅटरीवाल्या बेसला कोणताही चालतो. बेसपासून डीआयपर्यंतची केबल पाच-सहा मीटरपेक्षा लांब नको. डीआयपासून पुढची बॅलन्स्ड (बाहेरची खरखर न धरणारी) केबल नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेली तरी बिघडत नाही.

खरी अडचण ऐकण्याची आहे. मजा अशी की, स्वतःचा बेस ऐकू येईना झाला की वादक हमखास मॉनिटरमध्ये, म्हणजे वादकांना ऐकवणाऱ्या स्पीकरमध्ये, ‘लो’ (खर्ज) वाढवून मागतो. स्टेजवर तिरप्या ठेवलेल्या बारा इंची मॉनिटरला, म्हणजे वेजला, तो खर्ज पेलत नाही, आणि सबवूफरचा घुमारा स्टेजच्या मागे आधीच पुरेसा येत असतो. स्वर ओळखायला कानाला मूळ कंपन लागतेच असे नाही. त्याच्या वरच्या पटींवरून मेंदू तो स्वर ताडतो. म्हणून वेजमध्ये १०० हर्ट्झच्या खालचे कापून ३०० ते ८०० च्या दरम्यानचे थोडे वाढवून मागा. वेजसमोर उभे राहून ऐकले तर हा आवाज काहीसा नाकातला वाटेल, पण पूर्ण वाद्यवृंद सुरू झाल्यावर प्रत्येक स्वर सुटा कळेल. तुमचा मॉनिटर मिक्सरवरच्या प्री-फेडर ऑक्समधून (सभागृहाच्या आवाजापासून स्वतंत्र असलेल्या वाटेने) दिला आहे ना, हेही विचारून घ्या. पोस्ट-फेडर असेल तर सभागृहात बेस कमी केला की तुमच्या कानातलाही कमी होतो, आणि कार्यक्रमाच्या मध्यावर ‘माझा आवाज गेला’ असे खुणावत बसावे लागते.

इन-इअर मॉनिटर परवडत असतील तर उत्तमच. बेस वाजवणारा तसाही केबलने बांधलेला असतो, म्हणून वायरलेस संचावर पैसे खर्चण्याऐवजी पट्ट्याला अडकवायचा तारेचा बेल्टपॅक घ्यावा, असे मी सुचवीन. त्यात फ्रीक्वेन्सीची भांडणे नाहीत. इअरपीस कानात घट्ट बसला पाहिजे; किंचित फट राहिली तरी सगळ्यांत आधी खर्जच निसटतो. प्रेक्षकांचा आवाज ऐकण्यासाठी एका कानातला काढून ठेवण्याची सवय वाईट, कारण उरलेल्या कानासाठी माणूस आवाज नकळत वाढवत जातो. ८५ डेसिबलला आठ तास ही कानांसाठीची प्रचलित मर्यादा आहे आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला एकच तास. आपल्याकडचा ऑर्केस्ट्रा तीन तास चालतो.

ड्रमरच्या वैतागाचे कारण साधे आहे. तो इतके दिवस तुमच्या अ‍ॅम्पवर तालाचा भरवसा ठेवून होता, आणि अ‍ॅम्प गेल्याचे त्याच्या मॉनिटरला कोणी कळवलेच नाही. त्याच्या मॉनिटरमध्ये बेस आणि तुमच्या मॉनिटरमध्ये किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), एवढी मागणी साउंडचेकच्या सुरुवातीलाच करा. त्याच वेळी चौथ्या तारेच्या मोकळ्या स्वरापासून एकेक फ्रेट वर जात सारख्या जोराने वाजवा आणि कोणाला तरी सभागृहाच्या मधोमध उभे करा. एखादाच स्वर अचानक फुगलेला ऐकू येईल. तो कितवा फ्रेट ते मिक्सरवाल्यांना सांगितले की तेवढीच अरुंद पट्टी त्यांना कापता येते. ‘बेस घुमतोय’ एवढेच म्हटले तर ते सगळाच खर्ज उतरवतील.

प्रश्न : मंडळाच्या मंचावर जनरेटर असला की डीआयच्या लाइनमध्ये सतत हम (विजेची घूं-घूं) येतो. एकदा गाताना माइकला ओठ लागले आणि झटकाही बसला. ग्राउंड लिफ्टचे बटण दाबावे का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : हम आणि झटका यांना वेगळे धरा.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. चौथ्या तारेवरचा तिसरा फ्रेट ४९ हर्ट्झचा आहे, त्यामुळे हम असताना तो स्वर लांबवला तर सेकंदाला साधारण एकदा आवाज फुगून ओसरल्यासारखा वाटतो. त्यासाठी ग्राउंड लिफ्ट जरूर दाबा. डीआय आणि मिक्सर यांच्यामधला सिग्नलच्या ग्राउंडचा दुवा तेवढा सुटतो. बटण दाबल्यावर तारांना हात लावताच झिणझिण्या येऊ लागल्या, तर पेडलचा अ‍ॅडॉप्टर संशयित समजून पेडल बॅटरीवर चालवा किंवा त्याची वीज मिक्सरच्याच बोर्डवरून घ्या.

माइकचा झटका हा मात्र साउंडचा प्रश्नच नव्हे. वाजवणे थांबवा आणि मंडळाच्या इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा गळती-संरक्षक ब्रेकर आहे का, तेही विचारा. हम घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन तोडण्याचा जो उपाय मांडवांमध्ये सर्रास सांगितला जातो, तो कोणीही सांगितला तरी करू नका. त्याने हम जाईल, आणि यंत्रात बिघाड झाला तर वीज तुमच्या अंगातून वाट काढील.

प्रश्न : मग अ‍ॅम्प विकून टाकावा का? घरात जागा नाही.
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : मोठा असेल तर विका. १९६९ साली आलेल्या ३०० वॅटच्या अ‍ॅम्पेग एसव्हीटीबरोबरची आठ स्पीकरांची पेटी साठ किलोंच्या वर भरते. ती लोकलच्या लगेजच्या डब्यातही कोणी चढवू देणार नाही. त्याऐवजी एका दहा किंवा बारा इंची स्पीकरचा छोटा काँबो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) ठेवा. कॅफेत किंवा सोसायटीच्या कार्यक्रमात स्टँडवरचे दोन स्पीकर असतात, सबवूफर नसतो, आणि ते गायकांच्या आवाजानेच भरून जातात. तिथे बेसला अ‍ॅम्प लागतोच. अशा ठिकाणी अ‍ॅम्पच्या मागच्या डीआयमधून मिक्सरला लाइन देणार असाल तर बटण ‘प्री’वर ठेवा, म्हणजे स्टेजवर तुम्ही बेस-ट्रेबलची बटणे फिरवलीत तरी सभागृहातला नाद बदलणार नाही. फक्त अ‍ॅम्पमध्येच घडवलेला ओव्हरड्राइव्ह (मुद्दाम फाटवलेला नाद) प्रेक्षकांपर्यंत पोहोचवायचा असेल तेव्हा ‘पोस्ट’ वापरा, आणि मग कार्यक्रम संपेपर्यंत त्या बटणांना हात लावू नका.