साक्ष द्यायला आनंद कुठून आणू?

प्रश्न : ताई, प्रभूच्या नावात सलाम. माझे मालक एस.टी.त ड्रायव्हर होते. मागच्या पावसाळ्यात रात्रीची ड्युटी करून घरी आले, चहा मागितला आणि चहा उकळेपर्यंत गेले. वय 51. दोन मुली, धाकटी बारावीला. चर्चच्या मंडळीनं खूप केलं, खोटं बोलणार नाही. पण आता महिला संघाच्या उपकारस्तुतीच्या सभेत मी साक्ष द्यावी, या दुःखातही देवानं कसा आनंद दिला ते सांगावं, असा आग्रह चाललाय. एक बाई म्हणाल्या, "यात देवाचा काहीतरी हेतू असणारच, तो शोधा, म्हणजे आनंद मिळेल." शोधून थकले. माझा विश्वास कमी पडतोय का?
– एक भगिनी, राहुरी तालुका

उत्तर : भगिनी, सलाम. साक्ष देऊ नका. सेक्रेटरीबाईंना "यंदा जमायचं नाही" एवढंच सांगा, कारण सांगत बसू नका.

हेतू शोधा म्हणणाऱ्या बाईंचं मन चांगलं असेल, पण बायबलातल्या ईयोबाची लेकरं, मालमत्ता सगळं गेलं, त्यालासुद्धा कारण कळलं नाही. आपल्याला त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात कळतं, त्याला शेवटपर्यंत नाही. देव वादळातून बोलतो तेव्हा रानबकऱ्या, घोडा, गरुड यांच्याविषयी बोलतो. त्याच्या दहा लेकरांविषयी अवाक्षर नाही. "परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले" हे आपण दफनाच्या वेळी हमखास म्हणतो. तोच माणूस तिसऱ्या अध्यायात आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, तो अध्याय मात्र कुणी उघडत नाही.

मी नोकरीभर सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. वॉर्डात मयत झालं की तासाभरात कुणीतरी रोमकरांस पत्र 8:28 घेऊन यायचंच, की सगळ्या गोष्टी मिळून कल्याण होतं. माझं स्पष्ट मत आहे, हे वचन ज्याच्या घरात दुःख आहे त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हणावं, सांत्वनाला आलेल्यानं नाही. आणि वाचायचंच तर दोन्हीकडची वचनं वाचावीत. त्याच्या आधी सगळी सृष्टी कण्हते आहे, आत्माही कण्हून विनंती करतो. त्याच्या पुढच्याच वचनात ते कल्याण म्हणजे काय तेही आहे: आपण देवाच्या पुत्रासारखं, ख्रिस्तासारखं होणं. नुकसानभरपाईचा तिथं विषयच नाही.

आनंदाविषयी सगळे प्रेषित पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र सांगतात, तर तेच घेऊ. पौल कैदेत आहे. फिलिप्पैच्या मंडळीनं एपफ्रदीत नावाच्या भावाच्या हाती त्याला मदत पाठवली आणि हा एपफ्रदीत आजारी पडून मरता मरता वाचला. पौल लिहितो, देवानं त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं. "सर्वदा आनंद करा" लिहिणारा हाच माणूस! मित्र गेला असता तर पौल रडला असता, आणि ते लपवलंही नसतं. मग आनंद कशाचा? पहिल्या अध्यायात तो बेड्यांना चांगलं म्हणत नाही. पहाऱ्यावरच्या शिपायांपर्यंत ख्रिस्ताची वार्ता पोचली, काम थांबलं नाही, याचा त्याला आनंद आहे.

म्हणून सांगते, हेतू मालकांच्या मरणात शोधू नका. देवाचं काम त्याच्या आधीपासून चालू आहे आणि त्यात तुम्हाला वाटा दिलेला आहे.

केडगावच्या पंडिता रमाबाईंचं पाहा. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा. हे सगळं बाप्तिस्म्याआधीचं, म्हणून सभेत सांगायला सोयीचं पडतं: आधी दुःख, मग प्रभू. पण 1921 मध्ये, इतक्या वर्षांच्या सेवेनंतर, एकुलती एक मनोरमा गेली. आपल्यामागे मुक्ती मिशन, म्हणजे बाईंनी काढलेला निराधार बायकामुलींचा आश्रम, तिनं सांभाळावं अशी आईची आशा होती. ते दुःख कुठल्याही साक्षीत नीट बसत नाही. बाईंनी मूळ भाषांवरून मराठी बायबलचं भाषांतर हाती घेतलं होतं, ते चालूच ठेवलं. 5 एप्रिल 1922 ला त्याही गेल्या. पूर्ण बायबल छापून निघालं 1924 मध्ये. त्या भाषांतरासाठी मनोरमा गेली, असं कुणी म्हणायला धजेल का? काम आधीपासूनचं होतं आणि ते त्यांना आवडत होतं, बस.

आता तुमच्या पत्राचा ता. क. तो मी वर छापला नाही, मुद्दाम. तुम्ही लिहिलंय की संडे स्कूलला बदली म्हणून गेलात आणि विचारलंत, योना माशाच्या पोटात तीन दिवस काय करत होता? एक पोरगं म्हणालं, "बाई, वास सहन करत होता." तुम्ही पदर तोंडाला लावून हसलात आणि मग घरी येऊन रडलात, की मालक जाऊन वर्षही झालं नाही आणि मी हसले. अहो, तुम्ही मला आनंद कुठं आहे विचारता आणि पत्राच्या तळाशी अपराध म्हणून तोच लिहून पाठवता! त्यासाठी क्षमा मागायचं काही कारण नाही. मालकांना विसरल्याशिवाय हसता येत नाही, असं तुम्हाला कुणी सांगितलं? जमेल तसा तो वर्ग घ्या. ज्या रविवारी उठवणार नाही, त्या रविवारी थोरलीला पाठवा.

वर्षाच्या स्मरण-उपासनेला काय वाचायचं ते तुम्ही ठरवा, पाळकसाहेब ऐकतील. मला विचाराल तर स्तोत्र 13 घ्या. सहाच वचनं आहेत, आणि पहिल्या दोनांतच चारदा "कोठवर" येतं. शेवटच्या वचनात स्तोत्रकर्ता गातो. तिथं तुमचा आवाज फुटला नाही तर ते एक वचन मुलींनी वाचावं, तसं त्यांना आधीच सांगून ठेवा.