मारुतीची ब्रेझा घ्यावी की टाटाची नेक्सॉन? रोज शहरात आणि महिन्यातून दोनदा घाटातून जायचं असेल तर?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं : रोज ऑफिसला जाऊन-येऊन पंचवीसेक किलोमीटर, तेही बहुतेक गर्दीतून. महिन्यातून दोनदा आई-वडिलांना घेऊन घाटरस्त्यानं गावी. घरात गाडी चालवणारे दोघं, म्हणून ऑटोमॅटिक हवी, आणि गाडी आठ-दहा वर्षं ठेवायची आहे. मित्र म्हणतो ब्रेझाचा पत्रा पातळ, मेहुणे म्हणतात नेक्सॉनचं इंजिन थरथरतं, आणि तुमचं घोडं तिथंच अडलंय.

माझ्याकडे नेक्सॉन आहे, टर्बो पेट्रोल (टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा ढकलून ताकद वाढवणारी यंत्रणा), मॅन्युअल. धाकट्या भावाकडे ब्रेझा ऑटोमॅटिक. गरजेप्रमाणे आम्ही गाड्यांची अदलाबदल करतो, त्यामुळे दोन्ही गाड्या गर्दीत आणि घाटात चालवून झाल्यात.

पहिली गोष्ट, फक्त नावांची तुलना करू नका. तुम्ही विकत घेणार ती एका ठरावीक इंजिनाची आणि एका ठरावीक गिअरबॉक्सची जोडी. नेक्सॉन या एकाच नावाखाली १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल, १.५ लिटरचं डिझेल आणि सीएनजी असे तीन प्रकार येतात, आणि गिअरबॉक्स मॅन्युअल, एएमटी किंवा ड्युअल क्लच. डिझेल मॅन्युअल नेक्सॉन आणि पेट्रोल एएमटी नेक्सॉन लागोपाठ चालवल्या तर दोन वेगळ्या गाड्या वाटतात. ब्रेझाचं सरळ आहे : १४६२ सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, त्याला पाच गिअरचा मॅन्युअल किंवा सहा गिअरचा ऑटोमॅटिक, आणि सीएनजी फक्त मॅन्युअलमध्ये. एखादा परिचित ‘नेक्सॉन भारी आहे’ किंवा ‘ब्रेझा मरगळलेली आहे’ म्हणाला, तर आधी विचारा, कोणतं इंजिन, कोणता गिअरबॉक्स. निम्मे वाद तिथंच मिटतात.

तुम्हाला ऑटोमॅटिकच हवी आहे, म्हणून गिअरबॉक्सबद्दल सविस्तर लिहितो. शोरूममध्ये एएमटी, ड्युअल क्लच आणि टॉर्क कन्व्हर्टर या तिन्ही प्रकारांना सरसकट ‘ऑटोमॅटिक’ म्हणतात, पण आतली यंत्रणा पूर्ण वेगळी असते.

एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम तुमच्याऐवजी यंत्र करतं. गिअर बदलताना क्षणभर चाकांकडे ताकद जात नाही, मान किंचित पुढे जाते, मग गाडी पुन्हा ओढायला लागते. स्वस्त आहे, मायलेज मॅन्युअलच्या जवळपास देतो. पण घाटात वळणावर नेमका त्याच वेळी गिअर बदलला, तर मागे बसलेल्या वयस्कर माणसाला तो हिसका जाणवतो. ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच असतात, पुढचा गिअर आधीच तयार असतो, त्यामुळे बदल झटकन आणि गुळगुळीत होतो. मोकळ्या रस्त्यावर तो मला तिघांत सगळ्यात आवडला. त्याची परीक्षा होते ती ताशी पाच किलोमीटरनं सरकणाऱ्या गर्दीत, कारण तिथं क्लच सतत अर्धवट लागलेला राहतो आणि तापतो. तिसरा टॉर्क कन्व्हर्टर, जो ब्रेझात आहे. यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेल जोडतं. ब्रेकवरचा पाय उचलला की गाडी आपोआप अलगद सरकते, थांबते, पुन्हा सरकते, आणि या सरकण्यात घासणारा क्लच नसतो. ही रचना जगभरात अनेक दशकं वापरात आहे. रोजच्या रखडणाऱ्या ट्रॅफिकसाठी आणि आठ-दहा वर्षांच्या हिशेबानं मी तिलाच पहिला नंबर देईन.

आता घाट. इथं दोन्ही इंजिनांचा स्वभाव उघडा पडतो. नेक्सॉनचं टर्बो पेट्रोल ११९९ सीसीचं, तीन सिलिंडरचं. ताकद १२० पीएस आणि टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, १७० न्यूटन मीटर, जो १७५० आरपीएमच्या (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांच्या) आसपासच हाती लागतो. ब्रेझाचं इंजिन टर्बोशिवायचं, १०३ पीएस, आणि टॉर्क साधारण १३७ न्यूटन मीटर, पण तो पूर्ण मिळायला ४४०० आरपीएमपर्यंत जावं लागतं. रस्त्यावर याचा अर्थ असा होतो : पाच माणसं, सामान, एसी चालू, चढावर पुढे ट्रक. नेक्सॉनमध्ये आरपीएम २००० च्या खाली पडले तर गाडी जड वाटते, पाय दाबूनही पहिला क्षण काही घडत नाही, मग टर्बो जागा होतो आणि गाडी एकदम उचल खाते. ती उचल कधी येणार याचा अंदाज बसला की ओव्हरटेक सोपा होतो. ब्रेझा ऑटोमॅटिकमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की गिअरबॉक्स एक-दोन गिअर खाली येतो, इंजिन ४००० च्या वर जाऊन ओरडायला लागतं आणि वेग हळूहळू पण सलग वाढतो. तो आवाज ऐकून बरेच जण म्हणतात की इंजिनाला दम लागला. तसं नाही. त्या इंजिनाची ताकदच तिथं वर आहे, ते तिथंच काम करतं. मात्र तुम्हाला तो आवाज सहन होतो का, हे तुम्हीच ठरवायचं.

थरथरण्याबद्दल मेहुणे म्हणाले ते खरं आहे, पण अर्धं. तीन सिलिंडरची थरथर सिग्नलला उभं असताना आणि अगदी कमी वेगात पायाखाली जाणवते, वेग घेतला की विरते. ब्रेझाचं चार सिलिंडरचं इंजिन उभ्या गाडीत इतकं शांत असतं की चालू आहे की बंद ते पाहावं लागतं.

म्हणून टेस्ट ड्राइव्ह शोरूमच्या सपाट रस्त्यावर तीन किलोमीटर मारून परत येण्याची नसावी. आई-वडिलांसकट घरच्या सगळ्यांना घेऊन जा आणि गाडी भरूनच चालवा. एखादा उड्डाणपुलाचा चढ किंवा टेकडीचा रस्ता गाठा. चढाच्या मध्यावर पूर्ण थांबा, दोन सेकंदांनी ब्रेक सोडा आणि बघा गाडी किती मागे येते, पुढे जायला किती वेळ घेते. मग उतारावर गिअर मॅन्युअल मोडवर घेऊन दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. लांब घाट फक्त ब्रेकवर उतरवला तर ब्रेक तापतात आणि पकड कमी होते, त्यामुळे ऑटोमॅटिकमध्ये हा मोड हाताला सहज सापडतो का, हे चालवणाऱ्या दोघांनीही तपासायला हवं. सेल्समन घाई करतो. करू द्या.

आता पत्र्याचं. बॉनेट अंगठ्यानं दाबून किंवा दारावर टिचकी मारून गाडीची सुरक्षितता ठरवायची सवय आपल्याकडे फार खोल गेलीय आणि मला ती मनापासून खटकते. बॉनेट आणि दाराचा बाहेरचा पत्रा हे मुख्यतः आवरण असतं. धडकेचा भार पेलतात ते आतले खांब, दारांखालच्या पट्ट्या, पुढचे लांब बीम, आणि ते कोणत्या दर्जाच्या पोलादाचे आहेत यावर केबिन शाबूत राहते की नाही ते ठरतं. बॉनेट तर थोडं दबणारं असणंच बरं, पादचाऱ्याचं डोकं त्यावर आपटतं. पातळ पत्र्याची म्हणून बदनाम झालेल्या याच ब्रेझाच्या आधीच्या पिढीला, म्हणजे व्हिटारा ब्रेझाला, २०१८ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक चाचणी घेणाऱ्या संस्थेच्या चाचणीत मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार स्टार मिळाले होते आणि तिचा सांगाडा स्थिर ठरला होता. मात्र तो निकाल जुन्या गाडीचा. २०२२ मध्ये आलेल्या नव्या ब्रेझाला तो चिकटवता येत नाही.

या बाबतीत नेक्सॉनची बाजू भक्कम आहे, हे मी माझी गाडी आहे म्हणून म्हणत नाही. २०१८ च्या डिसेंबरमध्ये ग्लोबल एनकॅपमध्ये पाच स्टार मिळवणारी ती पहिली भारतीय गाडी. नंतर चाचण्या कडक झाल्या, बाजूची धडक आणि ईएससी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) हेही त्यात आलं, आणि नव्या रूपातल्या नेक्सॉनला २०२४ च्या फेब्रुवारीत मोठे आणि मुलं दोन्हींसाठी पुन्हा पाच स्टार मिळाले. त्याच वर्षी भारत एनकॅप या आपल्याकडच्या तशाच चाचणीतही पाच स्टार, मोठ्यांसाठी ३२ पैकी २९.४१ आणि मुलांसाठी ४९ पैकी ४३.८३ गुण. सहा एअरबॅग आता दोन्ही गाड्यांत सगळ्या व्हेरियंटना आहेत, त्यामुळे तो मुद्दा फरकाचा राहिला नाही. आणि आई-वडील मागे बसणार असतील तर मागचे पट्टे त्यांना स्वतःला लावता-काढता येतात का, हे शोरूममध्येच करून पाहा. पट्टा न लावलेल्या माणसाला पाच स्टार वाचवत नाहीत.

दोन्ही गाड्यांच्या किमतीत जी विचित्र तफावत दिसते तिचं कारण करात आहे. लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंत, अशा गाडीला सरकार लहान गाडी मानतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाडीवर जीएसटी १८ टक्के, बाकीच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के. दोन्ही गाड्यांची लांबी सारखीच, ३९९५ मिलिमीटर. पण ब्रेझाचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती ४० टक्क्यांत जाते, आणि नेक्सॉनची ११९९ सीसी पेट्रोल व १४९७ सीसी डिझेल दोन्ही इंजिनं १८ टक्क्यांत बसतात. म्हणजे ब्रेझा घेताना तुमच्या पैशातला बराच मोठा हिस्सा गाडीत न जाता करात जातो. त्यामुळेच त्याच बजेटमध्ये नेक्सॉनचं वरचं व्हेरियंट पडतं. यादीवर जास्त वस्तू दिसतात म्हणून भुलू नका, पण फरक कुठून येतो ते माहीत असावं.

मायलेजवर फार वेळ घालवत नाही. कंपनीचा आकडा ब्रेझा ऑटोमॅटिकला १९.८० आणि नेक्सॉन पेट्रोलला १७ च्या आसपास. दोन्ही प्रयोगशाळेतले. टर्बो इंजिन पायाला फार संवेदनशील असतं, दाबत चालवलं की मायलेज झपाट्यानं उतरतं. ब्रेझाच्या काही व्हेरियंटवर ‘स्मार्ट हायब्रिड’ लिहिलेलं असतं, ती मदतीपुरती छोटी बॅटरी आहे, गाडी नुसत्या विजेवर चालत नाही. डिझेलचा विचार तुमच्या वापरात सोडून द्या : रोजच्या छोट्या, रखडत्या फेऱ्यांत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळीनं भरत जातो आणि तो जळून साफ व्हायला सलग मोकळी धाव लागते.

जागेचं म्हणाल तर नेक्सॉनची डिकी ३८२ लिटर, ब्रेझाची ३२८. जमिनीपासून उंची नेक्सॉन २०८ आणि ब्रेझा १९८ मिलिमीटर, खराब रस्त्याला दोन्ही पुरतात. पण ब्रेझा उंचीला ६५ मिलिमीटर जास्त आहे, दार उभट आहे, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला आत बसताना मान कमी वाकवावी लागते. आमची आई दोन्ही गाड्यांत बसते, ब्रेझात ती कुणाचा हात न धरता चढते.

सर्व्हिसबद्दल ऐकीव गोष्टींवर जाऊ नका. एकाच कंपनीची दोन वर्कशॉप जमीन-अस्मानाच्या फरकाची असतात. तुमच्या घराजवळ जे आहे तिथं शनिवारी सकाळी जा आणि गाडी न्यायला आलेल्या चार लोकांशी बोला. सांगितलेल्या वेळेला गाडी मिळाली का, बिलात न विचारता काही घातलं का, तीच तक्रार घेऊन दुसऱ्यांदा यावं लागलं का, एवढं विचारा. माझ्यासाठी हा मुद्दा सनरूफच्या कितीतरी वर आहे.

मी नेक्सॉन घेतली कारण मला मॅन्युअल आवडतो, माझा बहुतेक प्रवास हायवेचा आहे आणि क्रॅश टेस्टचा निकाल मी सगळ्यात वर ठेवला. तुमचं गणित वेगळं आहे. रोजची गर्दी, दोन चालक, वयस्कर आई-वडील आणि लांब पल्ल्याची मालकी पाहता तुम्हाला ब्रेझा ऑटोमॅटिक जास्त सोयीची पडेल असं माझं मत आहे. दोन अटी : भरलेल्या गाडीनं चढावर ती तुम्हाला कमी पडता कामा नये, आणि खरेदीच्या आधी भारत एनकॅपच्या संकेतस्थळावर तिचा निकाल आलाय का आणि असल्यास काय आहे, ते पाहून घ्या. यातली एक जरी अट पूर्ण झाली नाही तर नेक्सॉन ड्युअल क्लच घ्या. एएमटी तुमच्या वापरासाठी सुचवणार नाही, किंमत कितीही ओढ लावो.

बुक करताना पावतीवर इंजिन आणि गिअरबॉक्ससकट व्हेरियंटचं पूर्ण नाव लिहून घ्या, आणि बुकिंग रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील तेही. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही, बाहेरचं कोटेशन हातात ठेवून बोला. ताबा घेण्याआधी टायरवरचा चार आकड्यांचा कोड वाचा : २३२५ असेल तर तो २०२५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला. पाचही टायर बघा, स्टेपनीसकट.